उलटा न बसणारा कनेक्टर

आमच्या शॉपमध्ये मोल्डिंग मशीनच्या खाली एक पत्र्याचा डबा असतो. उरलेले स्क्रू, वायसर, वाकड्या पिना सगळं त्यात पडतं. मुद्दाम कुणी काही टाकत नाही, तरी तो कायम भरलेला. आमच्याकडचे किस्सेही असेच जमतात. आज डबा उपडा करतेय.

त्याआधी थोडं माझ्याबद्दल. मी लहानपणापासून बाहेर शिकले, बंगळुरूला इंजिनिअर झाले आणि तिथंच कनेक्टर डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत लागले. लिफ्टचे कनेक्टर, गाड्यांचे कनेक्टर. सुट्टीत वसमतला घरी आले की शेतात दिसायचं ते वेगळंच. पाण्याच्या मोटरच्या वायरी एकमेकींत पिळलेल्या, वर कॅरीबॅग गुंडाळलेली. पावसाळ्यात कुणाला ना कुणाला शॉक बसल्याची बातमी ठरलेली. मला ते सहन होईना. मोटरसाठी सुरक्षित, स्वस्त कनेक्टर बनवायचा आणि तो इथंच बनवायचा, असं ठरवून मी नोकरी सोडली.

मला वाटलं होतं, नवीन वस्तू म्हटलं की लोक मान हलवतील, मला गावोगाव समजावत फिरावं लागेल. भाषणंसुद्धा तयार होती. प्रत्यक्षात निघालं भलतंच. इथं ज्यानं त्यानं आपापला कनेक्टर आधीच शोधून ठेवला होता.

* * *

शॉप दिगंबरकाकांचं. ते माझे सख्खे काका नाहीत, ते सगळ्या वसमतचेच काका. घरी पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा, आणि हे जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरून देतात. "तिकडं भाऊ देव जागे करतो, इकडं मी मोटरी जाग्या करतो," असं ते म्हणतात. मोल्डिंग मशीन चालवतात शेषराव, मूळचे साखऱ्याचे, तोंडानं तिखट.

पहिल्याच आठवड्यात मी शेषरावांना म्हणाले, "मला आपली कॉम्पिटिशन बघायची आहे."

त्यांनी मला मोटरसायकलवर बसवून साखऱ्याला नेलं. एका बांधावर वायरीचा जॉइंट चपलेच्या रबरात बांधलेला. दुसरीकडे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. तिसऱ्या शेतात बाभळीला एक स्टीलचा जेवणाचा डबा लटकत होता, झाकणाला भोक पाडून तीन वायरी आत गेलेल्या. स्टीलच्या डब्यात उघडी वायर! मी शांतपणे शेतमालकांना विचारलं, "दादा, हे वॉटरप्रूफ आहे का?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं.

"बाई, यात मी धा वर्सं वरन नेलं. थेंब सांडला न्हाई."

* * *

मी डिझाइन केलेला कनेक्टर चपटा होता. तीन पिना एका ओळीत, एक अर्धा भाग मोटरकडच्या वायरीला, दुसरा स्टार्टरकडच्या वायरीला. दाबले की खट्‌ आवाज येऊन बसायचे, आत रबर, पाणी जायला जागा नाही. अर्थिंगची वायर वेगळी. आणि एका बाजूला एक बारकी खुंटी.

ती खुंटी म्हणजे माझा जीव की प्राण. तिच्यामुळे कनेक्टर एकाच बाजूनं बसायचा, उलटा करून लावायला गेलं तर खुंटी आडवी यायची. चांगल्या डिझाइनमध्ये माणसाला चूक करताच येऊ नये, हे मी कॉलेजपासून घोकत आले होते.

शेषराव खुंटीवर पहिल्या दिवसापासून नाराज. साच्यात तिथंच प्लास्टिक अडकायचं.

"ताई, ही खुंटी काहून पाहिजे?"

"म्हणजे चूक होणारच नाही."

"चूक करायची असंल तर मानूस खुंटीला बी जुमानत न्हाई."

"शेषराव, ही खुंटी जाणार नाही."

"व्हय. मग ही कोट अडकवायला कामाला येईल."

त्या दिवसापासून ते जेवायच्या सुट्टीत शर्ट काढला की सँपलकडे बघून म्हणायचे, "ताई, अडकवू का?"

* * *

पहिलं सँपल टेस्टला लावलं तेव्हा करंट मध्येच जायचा, मध्येच यायचा. मी पिना तपासल्या, स्प्रिंग तपासली, ड्रॉइंग पुन्हा पुन्हा मोजलं. बंगळुरूच्या जुन्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल केला. तो गंभीरपणे म्हणाला, कॉन्टॅक्टवर काहीतरी थर आहे, गंज असेल.

भिंग लावून आत बघितलं. थर होता. लाल आणि पिवळा.

काका कुठलीही नवीन वस्तू चालू करायच्या आधी तिला हळदकुंकू लावतात. मोटरला लावतात, मिक्सरला लावतात. माझ्या कनेक्टरलाही त्यांनी मनोभावे लावलं होतं, ते थेट तिन्ही भोकांत.

"काका, आत कशाला?"

"काम आतच करणार ना ते? मग पूजा बाहेरून करू?"

पुढच्या डिझाइनमध्ये मी टोपणावर बोटाएवढा एक खळगा ठेवला. बंगळुरूच्या सहकाऱ्यानं ड्रॉइंग बघून विचारलं, हे फीचर कशासाठी? मी लिहून पाठवलं, स्थानिक गरज.

* * *

कनेक्टर ओढला तर निसटतो का, हे बघायला कंपनीत एक मशीन होतं. इथं आमच्याकडे हळदीचा बाजार होता.

काकांच्या ओळखीच्या आडतीत पत्र्याच्या शेडला एक हुक होता. त्याला केबल बांधली, मध्ये कनेक्टर, खाली हळदीचं पोतं. कनेक्टरनं पोतं धरलं. हमाल जमले. आणखी एक पोतं बांधलं, तेही धरलं. तेवढ्यात त्यातला एक धिप्पाड हमाल पुढं आला आणि मला म्हणाला, "दीदी, पोते से क्या होता, हम लटकते."

मी नको नको म्हणेपर्यंत तो लटकला. वर कर्रकन आवाज झाला आणि हुक, पत्र्याचा तुकडा, केबल, पोती आणि तो, सगळे एकदम खाली. सुदैवानं खाली हळदीचा ढीग होता. धूळ बसली तेव्हा तो पिवळाधमक होऊन उभा राहिला. हातात केबल तशीच, कनेक्टर मध्ये घट्ट बसलेला.

त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

"दीदी, ये नहीं छूटा. हम छूट गए."

आडतवाले वरच्या भोकाकडे बघून काकांना म्हणाले, "आता तुमच्या पोरीला म्हणावं, शेडसाठी बी एक बनव."

* * *

जोडणीचं काम सविता राठोडकडे. ती वसमतजवळच्या तांड्यावरून रोज येते, हात एवढा झपाट्याचा की माझं बोलणं संपायच्या आत सहा कनेक्टर तयार. मी खोक्यात टाकायला कनेक्टर वापरण्याच्या सूचना लिहिल्या, सुबक, मुद्देसूद, पानभर. सविताला वाचायला दिल्या. तिनं शेवटपर्यंत वाचल्या, घडी घातली आणि म्हणाली, "लई छान लिहिलंय ताई. माझी सासू याच्यात भजे बांधंल."

"मग काय लिहायचं?"

"'आधी बटन बंद कर.' बास."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ज्यानं बटन बंद केलं त्याला समजतं."

आता प्रत्येक कनेक्टरवर तेवढंच एक वाक्य आहे, ठळक अक्षरात.

* * *

आता शेवटचा किस्सा. यात त्याच सासूबाई आहेत. सोनाबाई.

इतके दिवस सँपलं कच्च्या साच्यातून निघत होती. खरा साचा पोलादाचा. तो एकदा कापला की कापला, मग त्यात बदल नाही. साचेवाला दुसऱ्या दिवशी पोलाद मशीनवर लावणार होता, आणि काकांची एकच अट होती. आधी तांड्यावर एका शेतात कनेक्टर चालून दाखवायचा. सोनाबाईंनी ठेवून घेतला तर तांडा घेईल, तांड्यानं घेतला तर साचा. नाही तर नाही. माझी बंगळुरूची बॅग तोवर अर्धीच उघडलेली होती. उरलेली उघडायची की परत भरायची, तेही त्यावरच ठरणार होतं.

सोनाबाईंनी शेताच्या तोंडालाच सांगून टाकलं, "लाईन जायच्या आत माझ्या हळदीला पानी लागलं पाहिजे. पानी आलं तर बराबर. न्हाई आलं तर तुझी डबी घरी घेऊन जाय."

विहिरीभोवती अर्धा तांडा जमला. काका कुंकवाची डबी घेऊन पाइपच्या तोंडाशी उभे. मी कनेक्टर वर धरून म्हणाले, "बघा, हा लावायला पाना लागत नाही, पकड लागत नाही, काही लागत नाही." आणि त्यासाठीच मी शेषरावांना हट्टानं टूलबॅग शॉपमध्ये ठेवायला लावली होती.

खट्‌. बसला. सविताच्या नवऱ्यानं हिरवं बटन दाबलं. मोटर फिरली. पाइपातून करंगळीएवढी धार आली आणि तेवढीच राहिली.

शेषरावांनी कान दिला. "उलटी फिरून राहिली."

आदल्या दिवशी गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, दुरुस्त झाली होती. दुरुस्तीत वायरी इकडच्या तिकडे झाल्या की मोटर उलटी फिरते आणि पाणी उचलत नाही. इथं हे नेहमीचंच. शेतकरी पिळलेला जॉइंट सोडतो, तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करतो, पुन्हा पिळतो, मोटर सुलटी. आम्हा चौघांनाही हे तोंडपाठ. पण शॉपमधली लाईन कधी बदलत नाही, आणि मोटर लावून सगळी टेस्टिंग आम्ही शॉपमध्येच केली होती. आता वायरी माझ्या सीलबंद कनेक्टरच्या आत. स्टार्टर उघडायचा तर पेचकस शॉपमध्ये.

मी शेषरावांकडे बघितलं, शेषरावांनी काकांकडे.

सोनाबाई उठल्या. "आधी बटन बंद कर," स्वतःशीच म्हणाल्या आणि लाल बटन दाबलं. कनेक्टर ओढून सोडवला. एक अर्धा भाग हातात उलटा केला आणि दाबू लागल्या. बसेना.

"हे काहून आडवं येऊन राहिलं?"

"आजी, ती खुंटी आहे. उलटा बसू नये म्हणून."

"काहून बसू नये?"

"चूक होऊ नये म्हणून."

त्यांनी पाइपकडे बघितलं, हळदीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अन्‌ ही काय झाली मग?"

सविता म्हणाली, "आत्या, थांबा जरा, ताई बघून राहिल्या."

सोनाबाईंनी खाली वाकून एक गोटा उचलला, कनेक्टर विहिरीच्या काठावर ठेवला आणि एकच घाव घातला. खुंटी टक्‌कन उडून विहिरीत पडली. मग त्यांनी दोन्ही भाग उलटे जोडले. खट्‌. टोकाच्या दोन वायरींची जागा बदलली. रबर शाबूत होतं.

हिरवं बटन.

पाइपातून जे पाणी सुटलं ते आधी काकांना लागलं, मग हळदीला. काका कुंकवाच्या डबीसकट नखशिखांत लाल होऊन उभे, आणि सगळा तांडा हसतोय. सविता तर खाली बसली.

सोनाबाईंनी पदरानं कनेक्टर पुसला.

"ह्यो राहू दे माझ्याकडं. माझ्या दिराला बी एक दे," त्या म्हणाल्या. "अन्‌ डबीसंगं एक गोटा बी देत जाय. समद्यांच्या शेतात चांगला गोटा नसतो."

* * *

सकाळी शॉप उघडतंय तोच साचेवाल्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, पोलाद लावलंय. खुंटी नक्की किती मिलिमीटर ठेवू?"

शेषरावांनी मशीन थांबवलं. सविताचे हात थांबले. काकांच्या कानामागे अजून कुंकू होतं.

"खुंटी नको," मी म्हणाले. "ती बाजू सपाट कापा."

फोन ठेवला. शेषराव उठले, खिशातून कालचा तो गुळगुळीत गोटा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"मंग ह्यो सविताच्या हातानं वापस पाठवा," ते म्हणाले. "म्हातारी रातभर शोधत बसली असंल."