खोक्याचा घाम

लढाईच्या साली, भात झोडून झाल्यावर, आम्ही नवराबायको शहापूरहून खाडीवरच्या मिठागरावर कामाला गेलो. तिथं मीठ फुकट आणि पाणी महाग. बायको सात महिन्यांची पोटुशी. रोज कोसभर बांध तुडवून गोड्या विहिरीचा हंडा तीच आणायची. मी मीठ ओढायचो, म्हणजे मोठा पराक्रमी.

एक दिवस मुंबईचा शिकलेला साहेब बैलगाडीतून लाकडी खोका घेऊन आला. आतून काळा, वर तिरकी काच, काचेच्या खालच्या कडेला पन्हळ, तिच्या तोंडाशी बाटली. खोक्यात खाडीचं पाणी पातळसं पसरलं. म्हणाला, उन्हानं यातून गोडं पाणी निघेल. चार दिवसांनी येतो, जमलं तर असले वीस मांडतो.

हे मी कानांनी ऐकलं. बायकोला सांगितलं ते एवढंच, "हा खोका राख गो. सायबाला पसंत पडला तर तुझी विहीर सुटली." बाकीचं सांगायला मला कुठली सवड!

तिनं जिवापाड राखला. मिठागरावर उन्हानं उडतं ते वाया आणि तळाला राहतं तो माल, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. चौथ्या दिवशी साहेब आला तर बाटली कोरडी. बाईनं पदरातून मूठभर मीठ काढलं.

"बघा सायेब, कसं पांढरंफेक झालंय!"

"आणि पाणी?"

"ता काचेचा घाम? रोज पायांवर ओतलाय. भेगांना झोंबत नाय ओ, बेस वाटतं."

मुकादम हसला, गडी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. साहेबानं तोंड वाकडं करून खोका गाडीत चढवला. तिला कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही की चूक माझी. दुसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन बांधावर चालू लागली. बाळंत व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत चालली. पोर धड झालं, ही तिची हिंमत.

माझ्या तोंडून केव्हातरी खरं निसटलंच. भांडली नाही. पण पुढं जन्मभर मी पाणी मागितलं की म्हणायची, "कंचं देव? विहिरीचं का घामाचं?"

आता आमच्या तालुक्यात एवढं मोठं धरण झालंय. त्याचं पाणी मुंबई पिते, आम्ही टँकरची वाट बघतो. शिकलेल्यांची करणी. तांब्या मी माझ्या हातानं बुडवतो. कंचं देव, ते विचारायला कोणी नाय.