घरटी एक माणूस

मी परदेशी निघालो त्या दिवशी आई मला पोचवायला रस्त्यावर आली नाही. लावणी होती. रोपं उपटून झाली होती, आणि उपटलेलं रोप कोणाच्या पोराच्या विमानासाठी थांबत नाही. म्हणून मीच नवी पँट घालून, चपला हातात धरून आमच्या कोरगावच्या शेतात उतरलो. पाया पडायला वाकलो तर आईचे पाय चिखलात. दिसेचनात. मग चिखलाच्याच पाया पडलो, आणि उठताना तोल जाऊन बसलो तो सरळ पाण्यात.

लावणीच्या बायका फिदीफिदी हसल्या. आई कमरेत वाकल्या वाकल्याच म्हणाली, "रे पुता, जाताना तरी उभो ऱ्हव! जा, गाडी चुकतली."

त्याच पँटीत मी मस्कतला उतरलो. विमानात शेजारचा माणूस सगळा वेळ तोंड फिरवून बसला होता.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारखे इकडे येऊन बसलेल्यांनो, हे मी मोबाईलात बोलतोय आणि तो लिहून घेतोय. मला लिहिता येत नाही. आमच्या मास्तरांनी मला शिकवायला खूप खटपट केली, मग त्यांची बदली झाली. हसत गेले म्हणतात. इथे येताना एजंटाला मी कुक आहे म्हणून ठोकून दिलं. हॉटेलच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, माझी आमटी चाखली आणि मला भांड्यांवर लावलं. अजून तिथेच आहे. प्रमोशन झालं ते एवढंच, आता मोठी भांडी घासतो.

आई मोपाच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर वाढली. वर नुसता कातळ आणि वारा. नाचणी पेरायची, गुरं राखायची, आणि पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर चढवायचं. चालायला लागली तशी कामालाच लागली. लग्न होऊन खाली कोरगावला आली तर तिथे सगळं उलटं. पाणीच पाणी, आणि तेही खारं. आमचं शेत खाडीच्या काठचं, खाजन म्हणतात त्याला. खाडी आणि शेत यांच्या मध्ये एक मातीचा बांध. बांध आहे तोवर शेत. बाबा शेतात कमी आणि तिठ्यावर गप्पा मारत जास्त असायचे. ते लवकर गेले. बोलण्यात मी त्यांच्यावर गेलो, कामात कोणावरच नाही. नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं आईच्या अंगावर, आणि त्यात मी एक.

बांधाचा आमच्याकडे नियम आहे. मोठ्या भरतीत बांध फुटला की पहिल्यांदा बघेल त्याने हाळी मारायची. हाळी ऐकली की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावणार, माती घालणार. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोकसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या हातात टोपल्या देतात. आमच्या घरातून नेहमी आई.

तिचे फोन म्हणजे गाय, भात आणि "जेवलंस?" एका पावसात मात्र वेगळा फोन आला. दम लागलेला. "बांध फुटलो रे. मी हाळी मारलंय. घराक एक माणूस व्हयो. आमच्या घराचो तू."

मी विनोद केला. म्हटलं, "आये, टोपली घेवन विमानात बसाक देणत नाय."

ती हसली. मला वाटलं, जमला.

फोन ठेवून ती स्वतःच गेली. त्या वयात. बांधावर दुसरी टोपली फक्त शेजारच्या शेवंतीकाकीची. बाकीच्या घरांना कुलपं. कोणी बोटीवर, कोणी पुण्याला, कोणी मुलांकडे फ्लॅटात. दोन म्हाताऱ्यांनी खाडीशी किती भांडायचं? पाणी शिरलं ते राहिलंच. आज तिथे खारफुटीची तिवरं वाढलीत.

आई गेली तेव्हा रजा मिळेपर्यंत दहन होऊन गेलं होतं. आता विमानतळ मोपाच्या सड्यावरच झालाय, विमान तिथेच उतरतं. म्हणजे मी पहिल्यांदा उतरलो तो तिच्या माहेरी, आणि ती नाही.

दिवसकार्याला पिंडासाठी तांदूळ हवा होता. दुकानातला होता, पण मला शहाणपण सुचलं. चुलीच्या वर धुरात एक मुडी टांगलेली. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं भात. ही अगदी नारळाएवढी. म्हटलं, आईच्या हातचं भात आहे, तिला तेच घालू. सोडली, कांडली, शिजवली. पान ठेवून मागे सरलो न सरलो तोच कावळा उतरला आणि चाटूनपुसून खाऊन गेला. सगळे म्हणाले, "सुटली म्हातारी. कसलीच इच्छा उरूक नाय." माझी छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा माझा स्वयंपाक कोणाला आवडला होता.

घरी आलो. शेवंतीकाकी चुलीपाशी उभी, वर बघत. "मुडी खंय रे?"

मी अभिमानाने सांगितलं. ती खाली बसली.

ते आमचं कोरगुट भात होतं, लांब मिशांचं, थोड्याफार खाऱ्या पाण्याला न जुमानणारं. त्याचं बियाणं दर वर्षी पेरलं तरच जिवंत राहतं. शेत बुडाल्यापासून आई न्हाणीच्या मागे, खाटेएवढ्या जागेत, दर पावसात ते पेरत होती आणि तेवढंच परत बांधून ठेवत होती. बांध पुन्हा घालतील तेव्हा पेरायला हवं म्हणून. मला फोनवर सांगितलंही असेल. मी तेव्हा विनोद करत असेन.

"तुझ्याकडचा थोडा दे," मी काकीला म्हटलं.

"माझा मी कधीच पेजेक घातलंय. तुझ्या आवयशीकडे आसा म्हणान." मग उठता उठता म्हणाली, "कावळ्याक तरी बरा लागला मगे?"

पेंढा झाडून झाडून बघितला. एक दाणा सापडला. चांगला आहे का बघावं म्हणून दाताखाली फोडला.

चांगला होता.

इथे रूमवर कोणी घर कुठे विचारलं तर मी अजून कोरगावच सांगतो, दुसरं नाव तोंडात येत नाही. पण आमच्याकडे नुसत्या छपराला घर म्हणत नाहीत. हाळी आली की जिथून एक माणूस बाहेर पडतो, ते घर. आता हाळी मारायला बांध नाही, आणि आमच्या दाराला कुलूप आहे. किल्ली मी कमरेला बांधलीय. मोठं पातेलं घासायला वाकलो की टोचते.