आबांनी रिमोट खाली ठेवला

मंडळी, सांगलीच्या सायबर कॅफेतून लिहितेय.

दुपारी आमचे आबा, म्हणजे वडील, जुने पैलवान, माझ्या धाकट्या भावाशी, विन्याशी, व्हिडिओ गेमवर भिडले. गेममधली गोष्ट सोडून ‘टू प्लेअर’ लावला; नुसती समोरासमोर मारामारी. पैज अशी, विन्या जिंकला तर त्याला नकोशी झालेली कुस्तीची तालीम कायमची बंद.

आबांच्या लाथेनं विन्याचा गडी उताणा पडला. जीव जेमतेम उरलेला. आणि आबांनी रिमोट खाली ठेवला!

“आवं आबा, मारा की!” मी ओरडले.

“पाठ लागली न्हवं त्याची? कुस्ती तितंच संपली. पडल्याला मारत्यात व्हय गं?”

गडी उठला. विन्या क्षणभर थांबला, मग बटणं बडवत सुटला. जिंकला.



मी निघाले तेव्हा विन्या उद्यासाठी लंगोट शोधत होता. का, सांगा बरं?