ताईच्या फाटकावरचं अक्षर

आता दुकानांच्या पाट्या छापून येतात आणि दोन उन्हाळ्यांत विटतात. तरी गावात पेंटरच्या हातच्या तीन पाट्या अजून आहेत: शिंप्याच्या दुकानावरची, दवाखान्याच्या दारावरची आणि जुन्या बसथांब्यावरची. पट्टी लावून मोजलं तरी अक्षरांत केसभर फरक सापडणार नाही. पेंटर आता सत्तरी ओलांडून गेला आहे, हात थरथरतो, ब्रश धुऊन ठेवले आहेत. पण संध्याकाळी शिंप्याच्या पायरीवर बसला की तो हमखास त्या वर्षांबद्दल बोलतो, जेव्हा गावातल्या प्रत्येक फाटकावर त्याचं एक अक्षर होतं.

समुद्र गावापासून इतका लांब, की निम्म्या गावाने तो पाहिलेलाही नव्हता. त्यामुळे नगरपालिकेने चक्रीवादळाची तयारी काढली तेव्हा लोक हसले. वादळ इथवर येईपर्यंत दमून खाली बसेल, असं शिंपी म्हणाला. इंजिनियरने शाळेच्या फळ्यावर चित्र काढून समजावलं, की वारा दमतो, पाऊस दमत नाही. तो वरच्या डोंगरांत कोसळतो आणि नदी ते सगळं घेऊन आपल्या दारात येते. मग गावाचे तीन भाग पडले. नदीकाठचा सखल भाग अ, त्यांनी सगळ्यात आधी बसमध्ये बसून शाळेत यायचं. मधला भाग ब, त्यांनी सामान बांधून भोंग्याची वाट पाहायची. उंचावरचा क, त्यांनी घरातच थांबायचं. बसचे ड्रायव्हर बाहेरगावचे, त्यांना गल्ल्या ठाऊक नसणार, म्हणून प्रत्येक फाटकावर हातभर उंचीचं अक्षर रंगवायचं ठरलं. चारशे बारा फाटकं. काम पेंटरला मिळालं.

अ कुणालाच नको होता. जन्मात कधी अ तुकडीत न बसलेली माणसंसुद्धा आता अ मधून काढा म्हणून भांडत होती. अ लागला की घराला गिऱ्हाईक मिळणार नाही, मुलीला स्थळ येणार नाही, असे एकेकाचे हिशोब. न्हाव्याने ब च्या बदल्यात जन्मभर फुकट केस कापायचं कबूल केलं. पेंटरच्या डोक्यावर तेव्हा कानांमागे चार केस उरले होते. तो सगळ्यांना नाही म्हणाला. खडूची दोरी आखायचा, सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसायचा आणि इंजिनियरच्या नकाशात असेल तेच लिहायचा.

मग ताईचं फाटक आलं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शाळेत घातलं, पहिला ब्रश तिनेच आणून दिला. नदीकडच्या गल्लीत तिची खानावळ होती आणि माडी नसलेल्या त्या बैठ्या घरात चार भाडेकरू राहत. फाटकावर अ दिसला तर चौघेही दुसरीकडे जागा बघतील, ही तिची धास्ती. ती पोळपाट-लाटणं तसंच टाकून बाहेर आली आणि ब लिही म्हणाली. त्याने नकाशा पुढे केला.

"नकाशा काढणाऱ्याला मी वाढवलेलं नाही," ताई म्हणाली. "तुला वाढवलंय."

त्याने ब लिहिला. फार सुबक आला.

तिसऱ्या वर्षी वादळ आलं. सकाळी आठलाच आभाळ शिशासारखं झालं, गाडीवरचा कर्णा अ भागाला निघायला सांगत फिरू लागला. पेंटर शाळेत होता. कुठल्या गल्लीने कुठल्या वर्गात बसायचं, ते फळ्यांवर लिहून देत होता. लोक येत होते, हातात पिशव्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, औषधाचे डबे. न्हावी आला, ताईच्या शेजारची शिक्षिका आली. ताईची अख्खी गल्ली आली आणि ताई आली नाही.

त्याने ड्रायव्हरला गाठलं. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, त्या फाटकावर ब आहे, ब ला अजून अवकाश आहे. आणि आता बस पलीकडच्या वस्तीकडे निघायच्या बेतात होती. परत यायला दोन तास. गल्लीचा रस्ता तेवढा वेळ टिकणार नव्हता.

पेंटर शाळेतच टेबल मांडून बसलेल्या नगरपालिकेच्या हेडक्लार्ककडे धावला. हेडक्लार्क भला माणूस, टेबलाभोवती पन्नास जण. त्याने मानही वर केली नाही. "तुझं अक्षर आहे ना फाटकावर? मग बरोबरच असणार. घाबरू नकोस." नकाशा कपाटात जाऊन तीन वर्षं झाली होती, गाव आता फाटकं वाचत होतं.

पेंटर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अक्षर माझं आहे, पण खोटं आहे. चुकून नाही, मुद्दाम लिहिलंय. ते घर अ मध्ये आहे. आत पाच माणसं आहेत."

हेडक्लार्क उठला आणि स्वतः जाऊन त्याने बस वळवली.

पेंटर बसमध्ये होता. गल्लीत घोट्याइतकं पाणी आलं होतं. ताईची तयारी मात्र वाखाणण्याजोगी: पिंप भरलेले, टॉर्चमध्ये नवे सेल, खिडक्यांना फळ्या, चौघे भाडेकरू पिशव्या मांडीवर घेऊन ओळीने बसलेले. ब ला सांगितलं होतं तसं, भोंग्याची वाट पाहत.

"ब चा भोंगा झाला नाही अजून," ताई म्हणाली.

"ताई, हे ब नाही. आठवतंय ना?"

तीन वर्षं रोज फाटक उघडताना ते अक्षर वाचून तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने भाडेकरूंना उठवलं, दिवा मालवला आणि ती शेवटी बाहेर पडली.

दुपारी तीन वाजता नदी तिच्या खिडकीच्या चौकटीला लागली.

शाळेत लोकांनी पेंटरला सोडलं नाही. आमच्या फाटकावरचं तरी खरं आहे ना, असं येताजाता विचारत होते. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी ताई वर्गाच्या मधोमध उभी राहिली.

"मी लिहायला लावलं. तो लहानपणापासून माझं ऐकतो, एवढाच त्याचा दोष."

"माझं मात्र ऐकलं नाही," न्हावी म्हणाला, आणि वर्ग हसला. ताई हसली नाही.

पाणी ओसरल्यावर हेडक्लार्कने नकाशा काढून सगळी फाटकं पेंटरबरोबर फिरून पुन्हा तपासली. पेंटरला त्याचा राग आला नाही. भाडेकरूंपैकी एकही ताईला सोडून गेला नाही. बदलली ती ताई. पूर्वी ती हे कर, ते आण, असं म्हणायची. आता प्रत्येक बाबतीत तुझं काय मत, असं विचारू लागली. धाकट्या भावाला जन्मभर जे हवं असतं, ते पेंटरला पन्नाशीत मिळालं, आणि तिच्याकडून घरी जाताना त्याचं पाऊल जड व्हायचं.

त्या उन्हाळ्यात खानावळीच्या भिंती रंगवायच्या होत्या. कुठला रंग लावू, तिने विचारलं. तुला आवडेल तो, तो म्हणाला. नाही, तू सांग, ती म्हणाली. तिने रागवावं, ब्रश हिसकावून घ्यावा, म्हणून त्याने मुद्दाम पिवळा सांगितला. पिवळा तिला कधीच सहन होत नसे.

"बरं," ताई म्हणाली, आणि बाकं ओढून भिंत मोकळी करू लागली.