लाइट चालू हाय

भूमहून माळेवाडीला जायचं म्हणजे बावीस किलोमीटर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अठरा वर्षं मास्तरकी करतोय आणि परवापरवापर्यंत भूमहून रोजचं जाणंयेणं एकाच मोटारसायकलवर. शाळेत मी काय शिकवलं ते पोरं सांगतील. रस्त्यावर मात्र मी स्वतःला हेडमास्तर समजत होतो, हे माझं मलाच सांगायला हवं.

सकाळी साडेआठ ते नऊ या वेळात त्या रस्त्यावर ठरलेली माणसं असतात. वायरमन नागप्पा, दोनतीन दूधवाले, एक ग्रामसेवक, शेजारच्या गावांचे मास्तर. नावं मागाहून कळतात, आधी गाड्या ओळखीच्या होतात. समोरून ओळखीची गाडी आली की हात करायचा, ही आमची रीत. पण हात करायचा म्हणजे वाटेल तसा नाही. मोकळ्या गाडीवाल्यानं ओझेवाल्याला आधी करायचा, चांगला पंजा वर नेऊन. ओझेवाल्यानं हँडल सोडायचं नाही. अंगठा मुठीवर तसाच ठेवून त्यानं नुसती चार बोटं उचलायची. गाडीवर मागं बायको असेल तर हात नाही, मान हलवायची. टॉवेल बांधून कुणी मयताच्या मातीला निघाला असेल तर हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. शिवाय ओळख असो नसो, दोन कामं प्रत्येकाची. समोरच्याचं स्टँड खाली राहिलं असेल तर ओरडून सांगायचं, आणि भर दिवसा त्याचा दिवा जळत असेल तर मूठ उघडून मिटून खूण करायची, की बाबा रे, लाइट चालू हाय.

आणि एक नियम होता. बाईमाणसाला हात करायचा नाही. समोरून बाई गाडी चालवत आली की सरळ पुढं बघायचं किंवा बाभळीकडं बघायचं. हा नियम कुणी घातला ते मला माहीत नाही, पण नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांना मी तो आवर्जून सांगायचो. याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो.

या रस्त्याचा खरा मानकरी होता माळेवाडीचा गौरीशंकर मेनकुदळे. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. घरची खव्याची भट्टी. पहाटे दूध आटवायला घ्यायचं, आठ वाजता खवा डब्यात भरायचा आणि नवाच्या एसटीच्या आत भूमच्या स्टँडवर पोचवायचा. तीस वर्षं अण्णानं गाडीच्या मागं चार डबे बांधून हेच केलं. समोरून अण्णा दिसला की सगळा रस्ता पंजे वर करायचा आणि अण्णा त्याची चार बोटं उचलायचा. त्या चार बोटांसाठी मी कधीकधी गाडी हळू करायचो.

तीन वर्षांमागं गोठ्याचा पत्रा बसवताना अण्णा वरून पडला आणि कंबरेतून गेला. काठी घेऊन चालण्यापुरता बरा झाला, पण बार्शीच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, दुचाकी आता हयातभर विसरा. भट्टी बंद पडणार असं गाव धरून चाललं. खवा थांबत नाही आणि दुसऱ्याच्या टेम्पोची वेळ आपल्या हातात नसते.

अण्णाची बायको शिवकांताबाई. त्या वेळी सेहेचाळीस वर्षांच्या. पंचवीस वर्षं कढईपुढं बसून दूध हलवलेल्या, त्यामुळं दंड पैलवानासारखे आणि बोलणं मोजकं. गावाचं चर्चासत्र चालू असताना त्यांनी एकदाच विचारलं, "गाडी चालवायला काय काय लागतंय?" अण्णा म्हणाला, "ध्यान लागतंय." त्या म्हणाल्या, "ते हाय की." मग उन्हाळाभर नांगरून पडलेल्या रानात बाई गाडी शिकल्या. दोनदा पडल्या, एकदा विहिरीच्या कठड्यापर्यंत गेल्या. जुन्या गाडीची किक साडीत मारता येईना, म्हणून ती देऊन बटणावर चालू होणारी नवी गाडी घेतली. परवाना काढला. मग एका सोमवारी साडीवर अण्णाचा फुलबाह्यांचा शर्ट, कपाळाला विभूती, वर हेल्मेट आणि मागं तेच चार डबे, अशा बाई रस्त्याला लागल्या.

मी समोरून येत होतो. नियमाप्रमाणं मी बाभळीकडं बघितलं.

आता गंमत अशी की या नव्या गाड्यांचा दिवा बंदच होत नाही. गाडी चालू की दिवा चालू. हे आम्हा जुन्या गाडीवाल्यांच्या डोक्यात अजून नीट शिरलेलं नाही. त्यामुळं दिवसा दिवा दिसला की आमचा हात आपोआप उघडझाप करतो. नव्या गाड्यांची पोरं वैतागून मान हलवतात आणि निघून जातात. त्या सोमवारी माझ्या पुढं नागप्पा होता. त्यानं बाईंचा दिवा बघून मूठ उघडली, मिटली. दिवा दाखवणं हे कर्तव्य, त्याला बाईबाप्या नसतो. आणि शिवकांताबाईंनी काय करावं? त्यांनीही त्याला मूठ उघडून, मिटून दाखवली. हेल्मेटच्या आत चेहरा असा फुलला होता की बाभळीकडं बघता बघता मलाही तो दिसला.

आठवडाभर हेच चाललं. दूधवाले मूठ उघडायचे, बाई मूठ उघडायच्या. ग्रामसेवकानं उघडली, बाईंनी उघडली.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत अण्णा काठी टेकत शाळेत आला. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी तेज.

"गुरुजी, आमच्या हिला रस्त्यात लई मान हाय बगा. पैल्या दिवसापासनं सगळे हात करायलेत. तुमी बी करता न्हवं?"

"करतो की," मी म्हणालो. मास्तरानं खोटं बोलू नये, पण बोललो.

तेवढ्यात भट्टीवरून घराकडं निघालेल्या शिवकांताबाई फाटकापाशी थांबल्या. "शरणार्थी, गुरुजी," म्हणत त्यांनी नमस्कार केला. अण्णा त्यांना म्हणाला, "हात कसा करत्यात ते गुरुजींना दाव की." बाईंनी मोठ्या कौतुकानं मूठ उघडून मिटून दाखवली.

तीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस तो. अण्णाचा चेहरा क्षणभर उतरला. पण बायकोकडं बघून त्यानं तो लगेच सावरला आणि म्हणाला, "व्हय, असाच करत्यात." बाई गेल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाला, "सांगू नगा तिला. पण गुरुजी, तुमचं रस्त्यात समदे ऐकत्यात. एकदा खरा हात करा की तिला. तिला कळायच्या आत."

मी काय केलं? मी नियमावर बोट ठेवलं. म्हणालो, "अण्णा, बाईमाणसाला हात केला तर लोक काय म्हणतील?" अण्णा काठी उचलून गेला.

आणि व्हायचं ते झालंच. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भूमला स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही पाचसहा जण उभे होतो. शिवकांताबाई बाजार करून निघाल्या होत्या. आम्हाला ओळखून आपणहून थांबल्या. नागप्पा मनानं चांगला, पण तोंडाला झाकण नाही. तो म्हणाला, "अवो वैनी, आमी लाइट चालू हाय म्हणून सांगतो, आन् तुमी आमालाच खूण करता! आपलं सहज सांगतो, रागवू नगा."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला आजही आठवतं आणि आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

शिवकांताबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. एकेकाच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना कसा हात करत हुता?" नागप्पानंच ओशाळून पंजा वर करून दाखवला. बाई म्हणाल्या, "मला काय हारतुरे नगंत. पण ह्यांच्या डब्यांना जेवढा मान हुता, तेवढा माझ्या डब्यांना पायजे. डबे तेच हायत." एवढं बोलून गाडीला बटण मारलं आणि गेल्या. दिवा अर्थातच चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक अजबच चालू केलं. समोरून कुणीही येवो, आपणच आधी हात करायच्या. पूर्ण पंजा वर. मागं चार डबे असताना. ओझेवाल्यानं मोकळ्याला आधी हात करणं म्हणजे त्याची भर रस्त्यात लाज काढणं. बाईंना हे माहीत होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, चांगलं माहीत होतं. ग्रामसेवकानं दुसऱ्या दिवशी अर्धामुर्धा हात केला. नागप्पा चौथ्या दिवशी विरघळला. मी मात्र माझ्या बाभळी मोजत राहिलो. आज हात केला तर आधी का नाही केला, हा प्रश्न येणार. हात दाखवून अवलक्षण कशाला? असे दोन आठवडे गेले. समोरून बाईंचा पंजा वर येई आणि माझी मान डावीकडं वळे.

मग तो गुरुवार. घरून निघतानाच उशीर झालेला, हजेरीची चिंता डोक्यात. फरशीपुलाच्या अलीकडं समोरून शिवकांताबाई आल्या. त्या दिवशी त्यांनी नुसता पंजा वर केला नाही, तर हात जोरजोरात हलवला. खाली काहीतरी दाखवत ओरडल्यासुद्धा. मी मनात म्हटलं, आता बाईनं हद्द केली, हात करत नाही म्हणून भांडायला लागली. आणि नेहमीपेक्षा जास्तच मान वळवून मी पुढं निघालो.

फरशीपुलाला डावीकडं वळण आहे. कठडा नाही, खाली खडकाळ ओढा. वळणाच्या थोडं अलीकडं मागून हॉर्न ऐकू आला, एकसारखा. आरशात बघतो तर चार डब्यांची गाडी उलटी फिरून माझ्या मागं धावत येतेय आणि बाई घसा फोडून ओरडतायत, "गुरुजी! स्टँड! स्टँड!"

मी ब्रेक दाबला. खाली बघितलं. स्टँड पूर्ण खाली होतं. माझी गाडी जुनी, स्टँड खाली असलं तरी धावते. त्या वळणावर गाडी डावीकडं झुकली असती की ते टेकलं असतं, आणि पुढचं मला लिहायला मिळालं नसतं.

ज्या बाईनं दिव्याच्या खुणेला मान समजलं म्हणून मी हसलो होतो, तिच्या स्टँडच्या खुणेला मी भांडण समजलो होतो. तिची चूक निदान गोड तरी होती.

शिवकांताबाई शेजारी येऊन थांबल्या. डबे वाकून तपासले, एकाची दोरी आवळली. रीत एवढीच सांगते की ओरडून सांगावं. भरलेली गाडी फिरवून मागं यावं असं कुठल्याच रीतीत नाही. मला "थँक्यू" म्हणावं की पाया पडावं कळेना. मी नुसता "बाई..." म्हणालो.

"हात न्हाय केला तरी चालंल, गुरुजी," त्या म्हणाल्या, "स्टँड तेवढं वर घ्या."

आणि गाडी वळवून निघून गेल्या. त्यांची एसटी त्या दिवशी ड्रायव्हरच्या चहामुळं सापडली, असं मागाहून कळलं.

त्या संध्याकाळी मी टपरीवर सगळ्यांना गोळा केलं आणि झालेलं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या बाभळींसकट. शेवटी म्हणालो, "आपला नियम काय? ओझ्याला मान. ओझं बाईचं का बाप्याचं, हे नियमात कुठं लिहिलंय?" नागप्पा म्हणाला, "तुमीच तर सांगत हुता, गुरुजी." मी म्हणालो, "मास्तर चुकला होता. खोडून टाका."

दुसऱ्या दिवशी फरशीपुलाच्या अलीकडं लांबवर तो चालू दिवा दिसला आणि त्या दिव्याचं मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्यांचा हात हलायच्या आत माझा पंजा वर गेला, चांगला खांद्याच्या वर. माझ्या मागं नागप्पा होता, त्याचा गेला. त्याच्या मागं दोन दूधवाले, त्यांचे गेले. शिवकांताबाईंनी आधी बघितलंच नसल्यासारखं केलं. मग अंगठा मुठीवर ठेवून चार बोटं उचलली. हुबेहूब अण्णासारखी. कुठं शिकल्या कोण जाणे. माझी छाती अशी फुगली की जणू त्यांना गाडी मीच शिकवली होती.

शाळेत जायच्या आधी मी तसाच अण्णाच्या दारात गेलो. "अण्णा, आज आम्ही हात केला. खरा."

"आन् तिनं?"

मी हँडलवर हात ठेवला आणि चार बोटं उचलून दाखवली.

अण्णानं माझ्या बोटांकडं कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाला, "माझ्यापास्नंच शिकली. कढईम्होरनं रोज बगायची मला, बोटं उचलून जाताना."

आता मी माळेवाडीतच खोली घेऊन राहतो, त्यामुळं सकाळी मला निघताना दिसतं. आठ वाजून गेले की चार डबे बांधले जातात, शिवकांताबाई हेल्मेट घालतात, दिवा लागतो. फाटकाशी अण्णा काठीवर उभा असतो. तीस वर्षं सगळ्या रस्त्यानं ज्याला आधी हात केला, तो माणूस काठी डाव्या हातात घेतो आणि उजवा पंजा वर करतो. तो मोकळा, ती ओझ्याची, तेव्हा पहिला हात त्याचाच. शिवकांताबाई चार बोटं उचलतात आणि रस्त्याला लागतात.