बिनफोटोचं भावाचं पान

मी उमाकांत. लोणखेड्यात माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी तक्रार करायला नको. पण ही गोष्ट माझी नाही, रूपालीची आहे. बीसीए झालेली मुलगी, लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा गिरधर ट्रॅक्टर चालवतो आणि घरची चार एकर पपई बघतो. सहा वर्षांपूर्वी तिने माझ्या सेंटरच्या कोपऱ्यातलं एक टेबल पाचशे रुपये भाड्याने मागितलं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, पपईचा भाव सांगायला. मी हसलो होतो, ते खोटं कशाला सांगू. पुढे तिच्या वेबसाइटसाठी जाहिराती मीच आणायला लागलो.

पपईचं असं आहे. शेतकरी आणि व्यापारी यांची बैठक बसते, किलोचा भाव ठरतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत तोच चालतो. बैठक सुटल्यापासून बातमी शेतात पोचेपर्यंत तासभर जातो आणि सगळी लबाडी त्या तासात होते. गाडी बांधावर उभी, झाडावरचं फळ पिवळं पडायला लागलेलं, आणि व्यापाऱ्याचा माणूस गळ्यात हात टाकून सांगतो, भाऊ, नऊच ठरला. म्हणून रूपाली प्रत्येक बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसते आणि भाव ठरला की तिथूनच मोबाइलवरून वेबसाइटवर टाकते. एरवी रोज आठ-नऊ हजार माणसं ते पान उघडतात. भावाच्या दिवशी अर्ध्या तासात सत्तर हजार. आपल्या तीन जिल्ह्यांतली, शिवाय गुजरातेतली आणि मध्य प्रदेशातलीही.

मागच्या हंगामात पहिल्याच भावाला पान बसलं ते चाळीस मिनिटं उठलंच नाही. दलसिंग म्हणून एक शेतकरी आहे, तिकडे डोंगराच्या पायथ्याला. पावरा आदिवासी माणूस, कष्टाळू, बोलणं मोजकं. त्याने बांधावर उभं राहून किती वेळा पान उघडून पाहिलं असेल कोण जाणे. शेवटी नऊ टन माल नऊच्या भावाने दिला. भाव बारा ठरला होता. सत्तावीस हजार गेले. चार दिवसांनी तो सेंटरवर आला, चहा घेतला आणि शांतपणे विचारलं, "ताई, त्या दिवशी पान बिघडलं होतं का?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रूपाली त्या दिवशी जेवली नाही.

यंदा पहिल्या बैठकीआधी ती सर्व्हरच्या मागे लागली. पुण्याच्या एका माणसाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, सत्तर हजारांचा लोंढा पेलायचा तर मोठं मशीन हवं, महिना अठरा हजार, करार वर्षाचा. म्हणजे दोन लाख सोळा हजार. आमच्याकडे नर्सरीवाले, ठिबकवाले, औषधांची दुकानं यांच्या जाहिरातींचे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार येतात आणि सर्व्हरच्या बिलातच संपतात. वरचे एक लाख बत्तीस हजार आणायचे कुठून?

इथे मी अक्कल पाजळली. प्रकाशा गावच्या दिग्विजयभाऊंना गाठलं. खताची एजन्सी, पुढाऱ्यांत ऊठबस, आणि स्वतःच्या फोटोची भारी हौस. ते दीड लाख द्यायला तयार झाले. अट एकच, प्रत्येक पानावर सगळ्यात वर त्यांचा फोटो. वाढदिवस नेमका बैठकीच्या आठवड्यातच होता, म्हणून शुभेच्छांचं बॅनरही ठरलं. मी पेढे घेऊनच सेंटरवर आलो.

रूपालीने पेढा घेतला आणि बाजूला ठेवला. "सर, बसा. तुमले एक हिशोब दखाडस."

तिने आमचंच पान तोलून पाहिलं होतं. भाव, तारीख, वेळ हे सगळं मिळून वीस केबी. पानाचं एकूण वजन मात्र सहा एमबी. बाकीचं सगळं फोटो. याचा वाढदिवस, त्याची निवड, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन. आमच्याकडे बॅनरवर जितकी डोकी जास्त तितका मान मोठा, आणि तीच पद्धत मी वेबसाइटवर आणून बसवली होती. सहा एमबी गुणिले सत्तर हजार, म्हणजे अर्ध्या तासात चारशे जीबीच्या वर.

"आपण मोठं मशीन ली ऱ्हायनूत ते भाव दखाडाले नई," ती म्हणाली. "दिग्विजयभाऊना फोटो उचलाकरता शे. त्यासना पैसा त्यासनाच फोटोवर जातीन."

"मंग काय, भाऊना फोटो काढी टाकू?"

"हा. भाव ठरस त्या दिवशी कोनाच फोटो नको."

"तुन्हं डोकं फिरनं का?"

तिने वही पुढे सरकवली. साधा सर्व्हर, महिना बाराशे. पानाच्या प्रती मुंबई-दिल्लीकडे ठेवणारी सेवा, आठशे. म्हणजे लोक तिथूनच पान घेतील, आपल्या सर्व्हरला हातही लागणार नाही. शिवाय एक बंद पडला तर दुसऱ्या कंपनीचा छोटा सर्व्हर तयार, सहाशे. महिना सव्वीसशे, वर्षाचे एकतीस हजार दोनशे. जाहिराती बाकीच्या पानांवर राहतीलच. चौऱ्याऐंशीतून बावन्न हजार आठशे उरतात. "सहा वरीसमा पहिल्यांदा माले पगार भेटी," ती म्हणाली. सहा वर्षं ही मुलगी फुकट राबते आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. लाज वाटली, पण चिडचिड त्याहून मोठी होती. दीड लाख समोर पडलेले असताना कोण सोडतं?

दिग्विजयभाऊंना निरोप गेला की भावाच्या दिवशी तेवढा फोटो नसेल. त्यांचा माणूस तावातावाने आला. "लोक येतात त्याच दिवशी भाऊ नकोत? मग बाकीच्या दिवशी काय गुरं बघणार फोटो?" त्याचंही बरोबरच होतं. दीड लाख गेले. मी रूपालीशी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. ती रिकाम्या पानावर खोटा लोंढा सोडून सर्व्हर तपासत बसली होती.

बैठकीचा दिवस आला. अकरा वाजून वीस मिनिटांनी पानावर आलं, पपई, सव्वातेरा रुपये. मी सेंटरवर आकडे बघत बसलो होतो. दहा हजार, तीस हजार, पन्नास हजार. पान फटकन उघडत होतं. सर्व्हर अगदी निवांत होता. रूपाली बैठकीतून येऊन दारात उभी राहिली आणि मी तिला म्हटलं, जिंकलीस बाई.

तेवढ्यात सेंटरचा फोन वाजायला लागला. पहिला, दुसरा, दहावा, सगळ्यांचं एकच. "सर, हाई पान खरं शे का? वर कोनाच फोटो नई." कुणा पुढाऱ्याचा फोटो नाही म्हणजे पान बनावट, असा लोकांचा समज. आणि बांधावरची व्यापाऱ्यांची माणसं तेच पढवत होती. नुसता आकडा काय, कोणीही टाकेल.

रूपालीचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तिने मोबाइल काढला आणि भावाखाली एक ओळ टाकली. "हा भाव मी बैठकीत बसून ऐकला आहे. रूपाली गिरधर चौधरी, लोणखेडा." आणि खाली स्वतःचा नंबर.

मी ओरडलो, "सत्तर हजार लोकेसमा बाईमाणूसना नंबर?"

"मंग तुमना टाकू? तुम्ही तर त्यासले शिव्या देशात."

पाच-सहा फोन झाल्यावर दलसिंगचा आला. स्पीकर चालू होता. त्याच्या मागे गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. तो म्हणाला, "ताई, हे भाऊ सांगतात दहा. पान खोटं म्हणतात. तुम्हीच सांगा."

रूपालीने सांगितलं, "सव्वातेरा, दलसिंगभाऊ."

तिकडून व्यापाऱ्याच्या माणसाचा आवाज आला. "ए बाई, तुले कोनी बठू दिनं बैठकमा?"

"मी मांगली खुर्चीवर व्हतू," ती म्हणाली. "तुमना शेठ मन्हा पुढे बठेल व्हता. निळं स्वेटर. त्यानी सोता सही करी. लावा त्याले फोन."

इंजिन बंद झालं. मग दलसिंगचा आवाज आला, तो आमच्याशी नव्हता. "सव्वातेराने भरायची तर भर. नाहीतर गाडी फिरव." थोड्या वेळाने काटा लावा असं कोणीतरी म्हणालं. "ठेवतो ताई," दलसिंग म्हणाला.

रूपालीने मोबाइल टेबलावर ठेवला. "सर, माले रडू ई ऱ्हायनं."

"रड मंग," मी म्हणालो.

ती खरंच रडली, पदराने तोंड झाकून. मोबाइल पुन्हा वाजायला लागला. मी उचलला आणि म्हणालो, "हो, सव्वातेराच. खरं आहे. जिने ऐकला ती माझ्यासमोर बसली आहे."