झऱ्यावरचं 'ने'

झिसीभावजी माझे थोरले दीर. दोइरान तळ्याच्या वरच्या आमच्या व्लाख मेंढपाळांच्या वाडीतले खेचरवाले. मीठ नि लोकर वाहता वाहता त्यांनी ग्रीक आणि सर्बी दोन्ही भाषा उचलल्या होत्या. १९१३ साली लढाया संपल्या, दोन्हीकडचे अधिकारी सीमेचे दगड रोवायला आले आणि हे शहाणपण भावजींच्या अंगाशी आलं.

सतरा दिवस त्या दोघांनी नुसतं डोकं उठवलं. एक अक्रोडाचं झाड कोणाचं, यावर तीन दिवस घालवले! दुभाषी झालेले भावजी घसा बसेपर्यंत इकडचं तिकडे सांगत होते, आणि दोघंही खेकसायचे ते भावजींवरच.

अठराव्या दिवशी आमच्या झऱ्याची पाळी आली. वाडी ग्रीकांकडे जाणार हे ठरलेलं. झरा वरच्या अंगाला, आणि वाडीला दुसरं पाणी नाही. जुना सर्बी कप्तान तापाने आडवा झालेला, म्हणून सकाळीच मिलुतिन नावाचा नवा आला होता. मी साहेबांसाठी पाव आणि मेंढीचं चीज घेऊन तिथेच उभी होते.

मिलुतिन म्हणाला, "झरा वाडीला सोडतो. बदल्यात वरचा खडकाळ माळ आम्हाला. कबूल?"

भावजींनी ते ग्रीक मेजर काल्याफासला सांगितलं. त्याने मिशीवरून हात फिरवला. "ने."

ग्रीकांत 'ने' म्हणजे हो. सर्बांत 'ने' म्हणजे नाही. हे भावजींइतकं कोणाला ठाऊक असणार? पण सर्बीत सांगायच्या आधी त्यांनी आनंदाने छातीवर क्रूसाची खूण केली. तेवढ्यात सगळं बिनसलं.

"नाही?" मिलुतिनने नकाशा गुंडाळला. "मग झरा आमचाच."

"साहेब, ते हो म्हणाले!"

"मला काय कान नाहीत? त्यांचं किती खाल्लंस रे?"

मेजरही भडकला. "मी हो म्हणतोय आणि हा माझ्यावरच ओरडतो? आता खरंच नाही!"

भावजी दोघांच्या मागे हात जोडत धावले. चांगले शिकलेसवरलेले गडी, एका अक्षरावरून तोंडं फिरवून बसले! कोणी मागे हटेना. भावजींचाही राग येतो मला अजून. देवाचे आभार नंतर मानले असते तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या सकाळी जाऊबाई देस्पा आणि मी घागरी घेऊन वर चढलो, भावजी मागोमाग. झऱ्याशी बंदूकवाला शिपाई उभा. तो काहीतरी बोलला. जाऊबाईंना सर्बी येत नव्हतं. त्यांनी वळून नवऱ्याला विचारलं, "काय म्हणतोय हो हा?"

भावजी खाली बघत आमच्या व्लाखीत म्हणाले, "परत जा म्हणतोय."